एक किलो डाळ

राजस्थानातील उदयपूर शहर मागे टाकून आत गेले, की अरवलीच्या डोंगररांगा लागतात. या डोंगरांच्या कुशीत विखुरलेल्या वाड्यांची लहान लहान गावे आहेत. जमीन खडकाळ, पाऊस बेभरवशाचा. शेतीवर वर्षभर पोट भरत नाही, म्हणून पुष्कळ घरांतील कर्ती माणसे मजुरीसाठी दूर जातात. या भागात 'सेवा मंदिर' ही संस्था अनेक वर्षे लोकसेवेचे कार्य करीत आली आहे. २००३ च्या सुमारास संस्थेच्या कार्यकर्त्यांना एक गोष्ट फार खटकू लागली. क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर या रोगांपासून बालकांना वाचविणाऱ्या लसी सरकार विनामूल्य देत होते. बाळाला पाच वेळा आरोग्य केंद्रावर नेले, की या सर्व लसी पूर्ण होत. तरीही या खेड्यांत सर्व लसी पूर्ण झालेली बालके शंभरांमागे पाचसुद्धा भरत नव्हती. लस फुकट, रोग जीवघेणे, आणि तरी मुले लसीवाचून राहत होती. असे का व्हावे?

याचे उत्तर ज्याच्या त्याच्या ओठांवर तयार होते. कोणी म्हणे, "दोष परिचारिकांचा. आई मुलाला कडेवर घेऊन दोन कोस चालत जाते, आणि केंद्राच्या दाराला कुलूप!" या म्हणण्यात तथ्य होते. केंद्रांना वर्षभर दर आठवड्याला भेट देऊन केलेल्या एका पाहणीत असे दिसून आले होते, की कामाच्या दिवशीसुद्धा शंभरांपैकी पंचेचाळीस वेळा परिचारिका जागेवर नसे. दुसरे कोणी म्हणे, "परिचारिका असून तरी काय उपयोग? आईबापच अडाणी. त्यांचा विश्वास भगताच्या अंगाऱ्यावर. सुईला ते भितात." तिसरा म्हणे, "ज्यांच्या घरी सायंकाळच्या भाकरीची भ्रांत, त्यांना लस सुचावी कशी? आधी दारिद्र्य हटवा, मग लसीचे बोला." तिघेही तळमळीने बोलत होते. परंतु तळमळ खरी असली, म्हणजे तिने सांगितलेले कारणही खरे असते, असे नाही. तिघांचे उपाय निरनिराळे होते, आणि संस्थेपाशी पैसा मात्र एकाच उपायापुरता होता.

अशा प्रसंगी खरे कारण ओळखावे कसे? उदयपूरच्या गावांत पुन्हा जाण्यापूर्वी या प्रश्नासाठी आपणांस थोडी वाट वाकडी करावी लागेल; कारण ही पारख माणसाला प्रथम शेतीने शिकविली.

समजा, एका शेतकऱ्याने नवे खत आणले. त्याने ते विहिरीजवळच्या वावरात घातले आणि माळावरचे वावर तसेच ठेवले. सुगीच्या दिवसांत विहिरीजवळच्या वावरात दीडपट ज्वारी आली. हा गुण खताचा की पाण्याचा? शेतकरी खताचा म्हणेल; खत विकणारा तर शपथेवर खताचा म्हणेल. बरे, त्याने याच वावरातील गेल्या वर्षीच्या पिकाशी यंदाच्या पिकाची तुलना केली, तरी अडचण सुटत नाही. कारण गेल्या वर्षीचा पाऊस निराळा आणि यंदाचा निराळा.

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे शेतीच्या प्रयोगांचे एक जुने आणि प्रसिद्ध केंद्र आहे. तेथे १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती कामास लागला. वर्षानुवर्षांच्या पिकांचे आकडे चाळता चाळता त्याने या अडचणीवर एक साधा तोड काढला. शेताचे पुष्कळ लहान वाफे पाडावेत, आणि कोणत्या वाफ्यास खत द्यावयाचे हे माणसाने ठरवू नये. चिठ्ठ्या टाकून ठरवावे. चिठ्ठीला डोळे नसतात. कोणता वाफा ओलाव्याचा, कोणता मुरमाड, कोणता धन्याच्या आवडीचा, हे तिला ठाऊक नसते. वाफे पुरेसे असले, म्हणजे चांगली-वाईट जमीन दोन्ही बाजूंस साधारण सारखीच वाटली जाते. मग पिकात जो ठळक फरक उरतो, तो खताचाच मानता येतो. फिशरने १९३५ मध्ये हा विचार ग्रंथरूपाने मांडला. तो पुढे इतका रूढ झाला, की आज कोणत्याही कृषी विद्यापीठाच्या शेतावर गेलात, तर खुंट्या ठोकून पाडलेले असे वाफे तुम्हांला दिसतील.

शेतातून ही चिठ्ठी रुग्णालयात गेली. आपल्या देशातील त्याचे एक उदाहरण विसरता येण्यासारखे नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काळात भारतात क्षयाचे रुग्ण लाखांनी मोजावे लागत आणि त्यांच्यासाठी असलेल्या खाटा हजारांनी. क्षयरोग्याने मोकळ्या हवेच्या सॅनेटोरियममध्ये राहावे, विश्रांती घ्यावी, दूध-अंडी खावी, असा त्या वेळचा परिपाठ होता. गरीब मजुराने हे कसे करावे? १९५६ मध्ये मद्रास (आजचे चेन्नई) येथे एक केंद्र उघडण्यात आले आणि तेथे जवळजवळ दोनशे गरीब रुग्णांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठीने ज्यांचा क्रमांक लागला, त्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवले. बाकीच्यांना तीच नवी औषधे घरी राहून घ्यावयास दिली. घरी राहिलेल्यांच्या खोल्या कोंदट, जेवण निकस, आणि कित्येकांना विश्रांती माहीत नाही. तरीसुद्धा वर्षअखेर दोन्ही गटांतील बहुतेक रुग्ण जवळपास सारखेच सुधारले. एवढेच नव्हे, तर घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना रोगाची बाधा अधिक झाली, असेही आढळले नाही. गुण औषधाचा होता. खाट, हवा आणि अंडी यांचा नव्हता. हा निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि क्षयरोग्यावर घरीच उपचार करण्याची पद्धत भारतातच नव्हे, तर जगभर रूढ झाली. सॅनेटोरियमच्या खर्चापायी कर्ज काढणारी किती कुटुंबे यामुळे वाचली असतील, याची गणती कोण करणार?

चिठ्ठी शेतात चालली, रुग्णालयात चालली. मग ती शाळेत आणि गावात का चालू नये? विसाव्या शतकाच्या अखेरीस काही अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न विचारला. त्यांपैकी मायकेल क्रेमर हे अमेरिकन गृहस्थ तरुणपणी वर्षभर केनिया देशातील एका शाळेत शिक्षक होते. पश्चिम केनियातील बुसिया आणि तेसो या जिल्ह्यांत त्या काळी एकेका पाठ्यपुस्तकावर अनेक मुले दाटीवाटीने वाकून वाचीत. एक परोपकारी संस्था तेथील शाळांना पुस्तके देणार होती. परंतु सर्व शाळांना एकाच वर्षी पुस्तके पुरविणे तिला शक्य नव्हते. तेव्हा शंभर शाळा निवडल्या, आणि त्यांपैकी चिठ्ठीने निघालेल्या पंचवीस शाळांना १९९६ मध्ये प्रथम पुस्तके दिली. मुलांचे गुण वाढणार, याविषयी कोणास शंका नव्हती. प्रत्यक्षात परीक्षा घेऊन पाहिले, तेव्हा सरासरी गुणांत दखल घेण्याजोगा फरक पडला नव्हता! जी मुले आधीच वर्गात पहिल्या रांगेत होती, तेवढ्यांनाच लाभ झाला होता. असे का, हे मग उलगडले. पुस्तके इंग्रजीत होती. आणि घरी एक भाषा, बाजारात स्वाहिली, अशा त्या मुलांपैकी पुष्कळांना इंग्रजी ही तिसरी भाषा होती. पुस्तक हाती आले, पण ते वाचावयाचे कसे? पाठ्यपुस्तकातील धड्यात पाठ्यपुस्तकाचीच ही फजिती सांगताना लेखकास थोडा संकोच होतो. परंतु ती सांगितलीच पाहिजे.

त्याच भागातील तक्त्यांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. ज्या शाळांत विज्ञानाचे, भूगोलाचे तक्ते आहेत, तेथील मुलांना अधिक गुण मिळतात, असे साध्या तुलनेत स्पष्ट दिसत होते. चिठ्ठ्या टाकून तक्ते वाटले, तेव्हा मात्र गुणांवर काहीच परिणाम दिसला नाही. तक्ते घेण्याची हौस आणि ऐपत ज्या शाळांना होती, त्या शाळा मुळातच बऱ्या होत्या, एवढाच पहिल्या तुलनेचा अर्थ होता. विहिरीजवळचे वावर ते हेच.

आता आपल्या मुंबईकडे वळू. २००१ च्या सुमारास मुंबईतील कुर्ला भागातील महानगरपालिकेच्या शाळांत, तसेच गुजरातमधील वडोदरा शहरातील शाळांत, 'प्रथम' या संस्थेने 'बालसखी' नावाचा कार्यक्रम चालविला होता. तिसरीत बसणाऱ्या कित्येक मुलांना पहिलीचेही येत नव्हते. वडोदऱ्यात तर पहिलीच्या दर्जाचे गणित बरोबर सोडविणारी मुले तिसरीच्या वर्गात पाचांत एक एवढीच आढळली. शिक्षक अभ्यासक्रम पुढे रेटीत, आणि ही मुले मागच्या बाकावर गप्प बसून राहत. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतील शालेय शिक्षण घेतलेली तरुण मुलगी. ती मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर नेई. जागा मिळेल तेथे, कधी व्हरांड्यातसुद्धा, ती त्यांना अक्षरओळखीपासून आणि बेरीज-वजाबाकीपासून पुन्हा शिकवी. तिचे मासिक मानधन शिक्षकाच्या पगाराचा एक लहानसा अंश होते.

या कार्यक्रमाची पारख अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी केली. त्यांची युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रत्येक शाळेला एक बालसखी मिळाली. मात्र निम्म्या शाळांत ती एका इयत्तेस आणि उरलेल्या निम्म्या शाळांत दुसऱ्या इयत्तेस नेमली. कोणती शाळा कोणत्या गटात, हे चिठ्ठीने ठरले. त्यामुळे एकही शाळा रिकाम्या हाताने परत गेली नाही, आणि तरीही तुलना साधली. बालसखीकडे जाणाऱ्या मुलांची प्रगती चांगलीच झाली. आणखी एक गोष्ट अशी, की ही मुले बाहेर गेल्याने मूळ वर्गातील गर्दी कमी झाली होती. तरी मागे राहिलेल्या मुलांच्या गुणांत त्यामुळे वाढ झाली नाही. म्हणजे वर्गातील मुलांची संख्या घटविणे हे मर्म नव्हते. मूल जेथे अडले आहे तेथून शिकविणे, हे मर्म होते. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभराने हा लाभ बराचसा ओसरला, हेही संशोधकांनी लपविले नाही.

आता पुन्हा उदयपूरच्या डोंगरांत जाऊ. बॅनर्जी आणि डुफ्लो यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सेवा मंदिराच्या साहाय्याने येथेही चिठ्ठ्या टाकावयाचे ठरविले. एकूण १३४ गावे घेतली. चिठ्ठ्यांनी त्यांचे तीन गट पडले. पहिल्या ७४ गावांत काहीच नवे केले नाही. तेथे सरकारी केंद्रे पूर्वीप्रमाणे चालू राहिली. दुसऱ्या ३० गावांत दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, सकाळी अकरा ते दुपारी दोनपर्यंत लस टोचण्याचे शिबिर भरविले. परिचारिका येणार म्हणजे येणारच, हे त्याचे वैशिष्ट्य होते. ठरलेल्या शंभर शिबिरांपैकी पंचाण्णव खरोखरीच भरली. कार्यकर्ते घरोघर जाऊन आयांना दिवस कळवीत. तिसऱ्या ३० गावांत असेच शिबिर होते. फक्त एक गोष्ट अधिक होती. लस टोचून घेतली, की आईच्या पदरात एक किलो डाळ पडे. आणि पाचही खेपा पूर्ण झाल्या, म्हणजे जेवणाच्या थाळ्यांचा एक संच मिळे. किलोभर डाळीची किंमत त्या वेळी सुमारे चाळीस रुपये, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीहूनही कमी होती.

डाळीची कल्पना अनेकांना रुचली नाही. मुलाच्या भल्यासाठी आईला लाच द्यावयाची काय, असे कोणी विचारले. ज्यांची श्रद्धाच लसीविरुद्ध आहे, ते एक किलो डाळीने का बदलणार, अशीही शंका निघाली. ती रास्त होती. शंकेचे उत्तर वादाने नव्हे, तर मोजदादीने द्यावयाचे होते.

सुमारे दीड वर्षाने घरोघर जाऊन एक ते तीन वर्षांच्या मुलांची मोजदाद झाली. जेथे काहीच नवे केले नव्हते, त्या गावांत सर्व लसी पूर्ण झालेली मुले शंभरांत सहा होती. जेथे केवळ नेमाने शिबिरे भरली, तेथे ती अठरा झाली. जेथे शिबिर आणि डाळ ही दोन्ही होती, तेथे ती एकोणचाळीस भरली.

या आकड्यांत आणखी एक आकडा दडलेला आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका आहे. निदान एक तरी लस टोचलेली मुले पहिल्या गटात सुमारे निम्मी होती, आणि शिबिराच्या दोन्ही गटांत, डाळ असो वा नसो, साधारण तीनचतुर्थांश होती. आईबापांचा सुईवर विश्वासच नसता, तर पहिल्या लसीला तरी एवढी मुले कशी आली असती? म्हणजे 'अडाणी आईबाप' हे उत्तर अपुरे होते. 'परिचारिका नाही' हे उत्तर खरे होते, पण अर्धेच. परिचारिका नेमाने येऊ लागताच पहिली लस टोचून घेणारी मुले वाढली. मात्र दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खेपेपर्यंत आयांची पावले मंदावत. 'आधी दारिद्र्य हटवा' असे म्हणणाऱ्यास तर हे आकडे सांगत होते, की दारिद्र्य आहे तेथेच असताना मुलाला गोवरापासून वाचविता येते.

पावले का मंदावत? शिबिराला जावयाचे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम बुडते. मूल रडते, रात्री त्याला थोडा ताप येतो. हा तोटा आजचा आणि डोळ्यांसमोरचा. आणि लाभ कोणता? न झालेला रोग. तो तर कोणालाच दिसत नाही. तेव्हा 'पुढच्या महिन्यात नेऊ' असे म्हणणारी आई मुलाची वैरीण नसते. परीक्षेचा अभ्यास 'उद्यापासून' करणाऱ्या तुमच्या-आमच्यासारखीच ती असते. आपल्याला मात्र शाळेची घंटा आणि शिक्षकांचा धाक उठवून बसवितात. डोंगरातल्या त्या आईला उठविणारे असे कोणी नव्हते. डाळीने ते काम केले. लाभाचा थोडा भाग डाळीने 'आज'च्या पदरात टाकला.

आता खर्चाचा हिशेब पाहा; येथे गणिताने सर्वांनाच चकविले. डाळ आणि थाळ्या यांनी खर्च वाढणार, असेच कोणीही म्हणेल. परंतु शिबिर भरले, की परिचारिकेचा दिवस आणि येण्याजाण्याचा खर्च हे ठरलेलेच असतात, मग दहा मुले येवोत की तीस. मुले अधिक आली, की तोच खर्च अधिक मुलांत वाटला जातो. नुसत्या शिबिरांच्या गावांत एका मुलाच्या सर्व लसी पूर्ण करावयास सरासरी २,२०२ रुपये पडले. डाळ दिलेल्या गावांत १,१०२ रुपये. डाळ वाटल्याने खर्च निम्म्यावर आला! हा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे एखादा विद्यार्थी उभा राहून विचारील, "मग उरलेल्या ७४ गावांतील मुलांचे काय? त्यांनी कोणता अपराध केला होता?" हा प्रश्न टाळता येणार नाही. एक उत्तर असे देतात, की त्या गावांचे काहीही काढून घेतले नव्हते. सरकारी लस तेथे पूर्वीप्रमाणेच विनामूल्य मिळत होती. दुसरे असे, की संस्थेचा पैसा आणि परिचारिका मोजक्या गावांनाच पुरणार होत्या. गावे निवडणे भागच होते. ती ओळखीने निवडावी, रस्त्याकाठची म्हणून निवडावी, की चिठ्ठीने? तिसरे असे, की डाळ उपयोगी पडेल हे कोणास आधी ठाऊक नव्हते. ठाऊक असते, तर प्रयोगच कशाला हवा होता? ही उत्तरे मला पटतात. तरीही, ज्या गावाची चिठ्ठी निघाली नाही तेथील एखादे मूल गोवराने दगावले असेल, हा विचार मनातून जात नाही. आणि तो जाऊ नये, हेच बरे. बालसखीच्या प्रयोगात साधलेली युक्ती जेथे शक्य आहे, तेथे ती योजिलीच पाहिजे.

अशा प्रयोगांसाठी २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर या तिघांना मिळाले. डुफ्लो यांचा जन्म पॅरिसचा. बॅनर्जी यांचा जन्म १९६१ मध्ये मुंबईत झाला आणि ते वाढले कोलकात्यात. त्यांच्या मातोश्री निर्मला बॅनर्जी या स्वतः अर्थशास्त्रज्ञ असून माहेरच्या पाटणकर आहेत. तेव्हा महाराष्ट्राने या गौरवात आपला वाटा मानला, तर त्यात वावगे नाही.

तथापि चिठ्ठी हे काही सर्व कुलुपांना लागणारे चावीचे जुडगे नव्हे. कधी कधी ती आवडत्या कल्पनेवरच पाणी ओतते. गरीब स्त्रियांना लहान कर्जे दिली, की त्या धंदा उभारतील आणि दारिद्र्यातून वर येतील, असा एके काळी जगभर बोलबाला होता. हैदराबादेतील १०४ वस्त्यांत ही कल्पना पारखण्यात आली. ज्यांचा धंदा आधीपासून होता, त्यांच्यापैकी काहींनी तो वाढविला; परंतु घराघरातील सरासरी खर्च, मुलांचे शिक्षण, स्त्रियांचा अधिकार यांत दखल घ्यावी असा फरक पडला नाही. अत्यंत गरीब कुटुंबांना जनावरे, थोडा शिधा आणि दोन वर्षे सल्ला देण्याचा दुसरा एक उपाय सहा देशांत पारखला, आणि तो बहुतेक ठिकाणी यशस्वी झाला. होंडुरास देशात मात्र पुष्कळांनी कोंबड्या घेतल्या, त्या रोगाने मेल्या, आणि लाभ टिकला नाही. केनियात कंत्राटी शिक्षक नेमण्याचा उपाय एका स्वयंसेवी संस्थेच्या हाती यशस्वी ठरला. तोच उपाय सरकारी यंत्रणेने राबविला, तेव्हा मुलांच्या गुणांत वाढ दिसली नाही. अँगस डीटन या अर्थशास्त्रज्ञांनी, ज्यांना स्वतःला २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, यावर नेमके बोट ठेविले आहे: एका ठिकाणी जे साधले ते दुसऱ्या ठिकाणी साधेल, याची हमी चिठ्ठी देत नाही, ते का साधले, हे समजून घ्यावेच लागते. शिवाय जमीन कोणाच्या मालकीची असावी, देशाने कर किती घ्यावा, असल्या मोठ्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकता येत नाहीत.

लसीचा प्रश्न पुढे हरियाणात पुन्हा हाती घेण्यात आला. तेथे डाळीऐवजी मोबाइलचे रिचार्ज देऊन पाहिले, आठवणीचे संदेश पाठवून पाहिले, आणि ज्यांच्या तोंडून बातमी गावभर पसरते अशी माणसे गावकऱ्यांनाच विचारून शोधून काढली व शिबिराची वार्ता त्यांच्यावर सोपविली. सर्वांत कमी खर्चात अधिक लसी टोचल्या गेल्या, त्या संदेश आणि ही बोलकी माणसे यांच्या जोडीने. बक्षिसाची जोड दिली, तेव्हा लसी आणखी वाढल्या, पण खर्चही वाढला. उदयपूरला डाळीने खर्च निम्मा केला होता. येथे बक्षिसाचा हिशेब निराळा निघाला.

आणि उदयपूरच्या त्या तीस गावांत, जेथे शिबिर नेमाने भरत होते, परिचारिका वेळेवर येत होती आणि डाळही मिळत होती, तेथेसुद्धा शंभरांपैकी एकसष्ट मुलांच्या लसी अपुऱ्याच राहिल्या होत्या.

स्वाध्याय

१. विहिरीजवळच्या वावराचे उदाहरण लेखकाने केनियातील तक्त्यांना कसे लावले आहे, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. 'डाळ वाटल्याने खर्च निम्म्यावर आला.' हे कसे घडले, ते अंकांच्या आधारे स्पष्ट करा.
३. ज्या गावांची चिठ्ठी निघाली नाही, त्यांच्याविषयी दिलेल्या तीन उत्तरांपैकी तुम्हांला कोणते पटते? कोणते पटत नाही? कारणे द्या.
४. तुमच्या शाळेत ग्रंथालयातील पुस्तके घरी नेणारी मुले थोडी आहेत, असे समजा. त्याची दोन संभाव्य कारणे लिहा, आणि त्यांपैकी खरे कोणते हे चिठ्ठ्या टाकून कसे पारखाल, ते सांगा.